दुसरं टोक

कापड कापायला घेण्याआधी धाकटे मास्तर कात्री दोनदा हवेत चालवून बघत. आवाज कानाला पटला, की मगच ती कापडाला लावत. त्यांचा दुसराही एक नेम होता. दिवेलागण झाली, की टेबलाखालच्या चिंध्यांच्या पोत्यात हात घालायचा. पोत्यात बाटली असते हे दुकानातल्या सुयांनाही ठाऊक होतं. मशीनवरून मान वर न करता वहिनी म्हणत, "भावजी, चिंध्यांनाही आता चढायला लागली असेल."

मास्तर हसत. वहिनी हसत नसत.

वहिनींचे यजमान, थोरले मास्तर, जाऊन बरेच दिवस झाले होते. तरी गिऱ्हाइकांच्या तोंडी धाकटे ते धाकटेच राहिले. जाण्याआधी थोरल्यांनी लेकीसाठी एक लोकरी कापड घेऊन ठेवलं होतं. नोकरीला लागशील तेव्हा कोट शिवू, म्हणाले होते. आता तिला नोकरी लागली, आणि काकाशिवाय कुणाच्या हाती ते कापड द्यायचं नाही असं तिनंच ठरवलं.

कोटाचं अंग सुरेख उतरलं. बाह्या कापायला संध्याकाळ झाली, आणि पोत्याकडे हात आधी गेला. सकाळी वहिनींनी टाचण्या लावून पाहिलं, तर दोन्ही बाह्या डाव्या.

एकेरी कापडावर कागदी नमुना ठेवून एक बाही कापायची, मग नमुना उलटा करून दुसरी. तो उलटायचाच राहिला होता. मास्तर स्टुलावर बसून राहिले. वहिनी चिडतील, रडतील, कात्री काढून घेतील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. वहिनींनी एवढंच विचारलं, की बाह्या तर तुम्ही कायम दुहेरी घडीवर कापता, दोन्ही एकदम. हे एकेरी कधीपासून?

"दादा गेल्यापासून," मास्तर म्हणाले. "दुसरं टोक तो धरायचा."

तसं एकट्यालाही घडी घालता येते. त्यांनी कधी घातलीच नव्हती. लहानपणापासून टेबलाच्या त्या बाजूला दादा असायचा. दिवे लागले, की मशीन बंद करून दोघं टेबलावर पाय सोडून बसत आणि एक चहा दोघांत पीत. आज कुणाचं माप चुकलं, कुणाचं पोट सुटलं, यावर हसत. दादा गेला, पण ती वेळ रोज येतच राहिली.

त्याच आठवड्यात वहिनी त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी थरथरते हात तपासले, औषध दिलं, आपल्या मनानं दारू एकदम बंद करू नका म्हणून बजावलं. मग विचारलं, की तल्लफ कधी येते. मास्तर वहिनींकडे न बघता म्हणाले, "चहाच्या वेळी."

 परतल्यावर दुकानाचं कुलूप काढताना वहिनी म्हणाल्या, "ती वेळ मलाही खायला उठते हो, भावजी. मी मशीन जोरात चालवते."

सोपं काहीच झालं नाही. एकदा मास्तर सुतळी आणायला म्हणून गेले आणि झिंगून परतले. दुसऱ्या दिवशी वहिनींनी विचारण्याआधी त्यांनी स्वतःच सांगितलं आणि औषधाची वेळ झाली का ते विचारलं. पोतं पुतणीनं रिकामं करून झटकलं आणि त्यात नुसत्या चिंध्या भरल्या. "काका, आता यांची उतरली," ती म्हणाली. या वेळी वहिनीही हसल्या.

कोट तसाच अडकवलेला होता. उरलेल्या तुकड्यात उजवी बाही बसत होती, पण काखेखाली जोड देऊन. पुन्हा चुकायला कापड नव्हतं. हे काम सकाळी करा, असं पुतणीनं सुचवलं. मास्तरांनी मान हलवली, पण थांबले ते दिवे लागेपर्यंत. वहिनींनी मशीन बंद केलं. एक चहा दोघांत झाला. मग त्या आपणहून टेबलाच्या त्या बाजूला गेल्या आणि तुकड्याचं टोक उचललं.

मास्तरांनी कात्री दोनदा हवेत चालवली. हात अजून थोडा थरथरत होता. तो थांबेपर्यंत ते थांबले, आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडून जरा उतरतंय. वर घ्या."