आमच्या ताटात भिजलेला अंतराळवीर

मन्मथअप्पांशी माझा खरा परिचय एका रशियन अंतराळवीरामुळे झाला. सोनपेठच्या वाटेवरल्या आमच्या गावात अप्पांचं किराणा दुकान. लहानपणापासून मी तिथून मीठ-मिरची आणत होतो. पण दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात परिचय असावाच लागतो असं नाही.

नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून गावानं आमच्या बौद्धवाड्याशी व्यवहार तोडला होता. सगळी दुकानं आम्हाला बंद. अप्पांचंही. अप्पांच्या पंचाहत्तरीच्या या अमृतमहोत्सवी ग्रंथात हे कशाला, असं संपादकांना वाटलं. अप्पा म्हणाले, "लिहू द्या की. खरंच हाय."

मी तेव्हा मॉस्कोहून एक स्वस्त, गुळगुळीत कागदाचं मासिक मागवत असे. त्याच्या पाकिटावर अंतराळवीराचं तिकीट आल्याची बातमी पोस्टमननं अप्पांना पोचवली. अप्पा अवकाशाची वापरलेली तिकिटं जमवतात, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. कोरं तिकीट त्यांना चालत नाही. एका साहेबांनी उपग्रहाचं कोरं तिकीट कौतुकानं भेट दिलं, तेव्हा अप्पांनी ते लावून स्वतःलाच पत्र टाकलं. शिक्का नेमका उपग्रहावर बसला. त्या दुःखानं अप्पांनी अन्न सोडलं अशी वदंता आहे. मी त्यांना जेवताना पाहिलं आहे.

त्यांचा आणखी एक नियम आहे. तिकीट ज्याच्या घरचं, त्याच्याच घरी भिजवून सोडवायचं आणि पाकीट तिथंच परत द्यायचं. त्या नियमानं ते भरदुपारी आमच्या दारात येऊन बसले. आईनं ताटात पाणी दिलं. अप्पांनी तिकिटाचा तुकडा कापून त्यात सोडला. डिंक सुटेपर्यंत या माणसाला उठता येणार नाही, हे आईनं हेरलं.

"अप्पा, पाणी होतं म्हणून दिलं. मीठ मागितलं असतं तर कुठून आणलं असतं?"

अप्पांनी वर तरंगणारा तुकडा बोटानं पाण्यात दाबला.

"दुकान तर तुमचं उघडं दिसतंय."

"उघडं हाय."

"मग आमालाच कामून बंद?"

"गावानं ठरवलंय, भागाबाई."

"मग तुमी इथं कशाला आलाव?"

अप्पांनी चिमट्यानं तिकीट उचललं आणि पुन्हा पाण्यात सोडलं. "सुटायलाय," एवढंच म्हणाले. तिकीट सुटलं, त्यांनी ते फडक्यावर पालथं घातलं, ओला कागद पाकिटासह माझ्या हातात दिला आणि उठता उठता आईला म्हणाले, "सकाळी या दुकानात."

सकाळी आई गेली. अप्पांनी मीठ, तेल, ज्वारी सगळ्यांदेखत मोजून दिली. शेजारचे दुकानदार नागोराव ओट्यावरून म्हणाले, "अप्पा, आपलं ठरलंय ना?"

"तराजू माझा हाय, नागोराव."

पुढं बरेच दिवस अप्पांच्या गुळावर माशांखेरीज गावातलं कुणी फिरकलं नाही. सोयरेसुद्धा साखर दुसरीकडून नेऊ लागले. अप्पांनी तक्रार केली नाही, वाड्यातल्या कुणालाही परत पाठवलं नाही. हळूहळू बाकीची दुकानंही आम्हाला उघडली. विचार बदलले म्हणून नव्हे; आमचं गिऱ्हाईक अप्पांकडं जाताना त्यांना बघवेना.

परवा मी त्यांना विचारलं, "अप्पा, त्या दिवशी आमच्यासाठी आला होतात, की तिकिटासाठी?"

"तिकिटासाठीच. खोटं कशाला बोलू? तुझ्या मायनं धरलं न् मला."

असं कुणी ना कुणी प्रत्येकालाच कधीतरी धरतं. बहुतेक जण हात सोडवून घेतात आणि मग व्याख्यानं देतात. अप्पांनाही हात सोडवता आला असता. तिकीट तर मिळालं होतं. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, शंभरी त्यांनी दुकानाच्या गादीवर बसून पाहावी, आणि त्यांना धरायला कुणी आलंच, तर त्यांनी हात असाच राहू द्यावा.