आईला तेव्हा काय झालं होतं

शिवणवाल्या बाईंना चाळिशीत पहिल्यांदा दिवस गेले. नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात बोलायला मशीनखेरीज कोणी नव्हतं.

तपासताना नर्स म्हणाली, "वय जास्त, पहिलीच खेप, त्यात वजन. ब्लड प्रेशर वाढायची भीती असते. तुमच्या आईला गरोदरपणी हा त्रास होता का?"

बाईंना सांगता येईना. आई त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली होती आणि घरात तो विषय कोणी काढत नसे.

त्यांनी मावशीला फोन लावला. कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

"अंगावर सूज होती गं," मावशी अडखळत म्हणाली. "डोकं ठणकायचं. आम्हाला वाटलं, दोन जिवांच्या बाईला एवढं चालायचंच. मग झटके आले."

"मला कधी बोलली नाहीस?"

"आपल्यापायी आई गेली, हे जन्मभर तुझ्या मनात राहिलं असतं."

बाईंनी नर्सला सगळं सांगितलं. डॉक्टरांनी गोळी दिली, तपासण्या वाढवल्या. आठव्या महिन्यात प्रेशर चढलंच, पण लगेच लक्षात आलं. मुलगी लवकर झाली. किडकिडीत, पण आवाज खणखणीत.

भेटीच्या वेळेला शेजारच्या खाटांभोवती नातेवाईक जमले. बाईंकडे येणारं कोणी नव्हतं; त्या लेकीला पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.