भित्र्या माणसाची सोबत

"मी भित्रा माणूस आहे हं, आधीच सांगून ठेवतो."

भित्रे काका माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी त्यांच्या दुकानात तूरडाळ मागितली होती. साठीचा, चांगला धिप्पाड, भरघोस मिशांचा माणूस डाळीचं पाकीट हातात देता देता असं काही सांगेल, याची कुणाला कल्पना असणार? मी आपली हसले. ते हसले नाहीत. "नंतर कुणाकडून तरी कळायचं, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं की," म्हणाले, आणि डाळ फ्रिजमध्ये ठेव, किडे होतील, असं बजावून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते कुणी वापरायचं नाही. गावात नवीन आलेल्या आपल्या माणसांना भित्रे हे आडनावच वाटायचं, पित्रे असतात तसे भित्रे. काकांची त्यालाही हरकत नव्हती.

आम्ही त्या गावात गेलो ते काही हौसेनं नाही. आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या ल्यूकन उपनगरात आमचं छान चाललं होतं. आमच्या मुलीची, सईची, शाळा जवळ, चार मराठी घरं हाकेच्या अंतरावर, गणपतीत आरतीला पाय ठेवायला जागा नसायची. मग घरमालकानं घर विकायला काढलं आणि आम्ही महिनोन्‌महिने घरं बघत फिरलो. परवडेल असं एकही मिळेना. शेवटी माझ्या नवऱ्याला, निखिलला, डब्लिनच्या वायव्येला, मीथ परगणा ओलांडून पुढे गेल्यावर लागणाऱ्या सपाट मुलखात एक घर सापडलं. तो सपाटपणा काय सांगू! डोंगर नाही, टेकडी नाही. नजर जाईल तिथवर गवत, त्यापुढे काळं दलदलीचं रान, आणि वर सगळं आभाळच आभाळ. मी चिंचवडची. समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसले नाहीत तर मला करमत नाही. पहिल्या संध्याकाळी इतकी शांतता होती की स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर वरच्या मजल्यावर ऐकू येत होती. मला भीती वाटली, सरळ भीती. निखिल म्हणाला, "काही होत नाही गं, सवय होईल."

"काही होत नाही" हे निखिलचं पालुपद. काकांचं पालुपद नेमकं उलटं.

काकांचं दुकान गावच्या मुख्य रस्त्यावर होतं. एका बाजूला अंत्यविधी करणाऱ्यांचं ऑफिस, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली बँक. डाळ-तांदूळ आपल्यासाठी, आणि दूध, ब्रेड, शेगडीत जाळायच्या दलदलीतल्या मातीच्या विटा गावासाठी. दुकान उघडायची वेळ ठरलेली, पण बंद व्हायची वेळ दिवेलागणीची. तिन्हीसांजेला माणसानं घरात असावं, देवापुढं दिवा असावा आणि घरातली सगळी माणसं डोळ्यांसमोर असावीत, हा त्यांचा नेम. त्यांच्या मिरजेत तो कसाही पाळता आला असता. इथं डिसेंबरात चार वाजताच अंधारून येतं, तेव्हा काका चारला कुलूप लावून पसार. जूनमध्ये दहा वाजून गेले तरी उजेड हटत नाही, तेव्हा बिचारे गल्ल्यावर जांभया देत बसलेले. तरी गावानं हे निमूट मान्य केलं होतं. अंधार पडायच्या आत दूध आणून ठेवायचं, नाहीतर "युअर मॅन", म्हणजे तो बाबा, घरी गेलेला असेल, असं आयरिश म्हाताऱ्या एकमेकींना बजावायच्या.

काका घाबरायचे तरी कशाला? विचारा कशाला नाही. धुक्याला, वाऱ्याला, कुंपणावरून टक लावून बघणाऱ्या गाईंना, सरकारी पाकिटाला. आणि सगळ्यात जास्त "ग्रँड" या शब्दाला. इथं उठसूट सगळं ग्रँड, म्हणजे अगदी ठीक, असतं. काका म्हणायचे, "तब्येत बरी असलेला माणूस नुसता हसतो. ग्रँड म्हणाला की समजायचं, काहीतरी झालंय." डब्लिनला जाणाऱ्या प्रत्येकाला पोचल्यावर फोन करायची सक्ती होती. एकदा मी ब्लँचर्डस्टाउनला खरेदीला गेले आणि फोन करायला विसरले, तर ह्या माणसानं निखिलला ऑफिसात, सईच्या शाळेत आणि शेवटी त्या खरेदीच्या ठिकाणच्या चौकशी खिडकीत फोन लावला होता.

काकू ह्याच्या अगदी विरुद्ध. त्या मिरजेच्या नर्स, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नोकरीला. आयर्लंडला आल्या त्या काकू, नोकरीवर. काका त्यांच्यामागून डिपेंडंट म्हणून आले. वीज मंडळातली पक्की नोकरी सोडून बायकोच्या मागे सातासमुद्रापार आलेला माणूस भित्रा कसा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिकडं एकटा राहायची भीती वाटली की!" काकू हसून म्हणायच्या, "माझ्या वाट्याची भीतीही हेच घेतात. मला उरतच नाही."

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग तो उन्हाळा आला. आपल्या लोकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. कुणाला बसस्टॉपवर मारलं, कुणाला घराजवळ. व्हॉट्सॲपवर सूचनांचा पाऊस: एकटे फिरू नका, रस्त्यात मोठ्यानं मराठीत बोलू नका, अंधार पडायच्या आत घरी या. निखिल आठवड्यातून तीन दिवस डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या ऑफिसात जायचा आणि बसनं परत यायचा. उन्हाळा होता तोवर उजेडात यायचा. दिवस लहान होत गेले तसा त्याच्या उतरण्याच्या वेळी अंधार पडायला लागला. स्टॉपपासून आमच्या इस्टेटीपर्यंतचा, म्हणजे वसाहतीपर्यंतचा, रस्ता गुरांच्या जुन्या बाजाराच्या लांबलचक भिंतीच्या कडेनं जातो. तिथं एक दिवा धड नाही, आणि पावसाळी हवेत चिटपाखरूही नसतं. मी खिडकीत उभी राहायची. पोळी तव्यावर करपायची, सई गृहपाठातलं काहीतरी इंग्रजीत विचारत राहायची आणि माझं लक्ष फाटकाकडे. रोज तेच. तो आज येतोय की नाही, एवढा एकच विचार.

मला गाडी येत नव्हती. निखिलला म्हटलं, सकाळी स्टॉपपर्यंत गाडी घेऊन जात जा, म्हणजे येताना चालायला नको. तर उखडला. "एवढ्याशा रस्त्याला गाडी? मी काय भित्रे काका आहे?" मी म्हटलं, असतास तर बरं झालं असतं. दोन दिवस अबोला.

आणि मग एका संध्याकाळी निखिल घरी आला तो नेहमीपेक्षा खुशीत. म्हणाला, काका भेटले रस्त्यात. दुकानाचा काहीतरी हिशोब राहिला होता म्हणून उशीर झाला त्यांना, आणि एकट्यानं घरी जायची भीती वाटत होती. सोबतीला ये म्हणाले, म्हणून त्यांना दारापर्यंत सोडून आलो. दुसऱ्या खेपेलाही तेच, तिसऱ्या खेपेलाही. "बिचारे फारच घाबरतात गं," निखिल कौतुकानं सांगायचा. त्याची कॉलर ताठ झाली होती. काकांचं घर आमच्याच इस्टेटीत, आमच्यापुढे चार घरं टाकून.

माझ्या मनात पाल चुकचुकली. तिन्हीसांजेला कुलूप लावणारा माणूस सहा वाजेपर्यंत दुकानात करतो काय? एकदा धनेपूड संपल्याचं निमित्त करून, सईला शेजारच्या घरी बसवून मी साडेपाचच्या सुमारास गेले. बाहेर मिट्ट काळोख, आणि दुकान चालू. काका दारातच उभे होते, कोट घालून, कुलूप हातात, ओठांनी काहीतरी स्तोत्र पुटपुटत. माझी चाहूल लागल्यावर असे दचकले की कुलूप खाली पडलं.

मी विचारलं, "काका, तुम्ही निखिलसाठी थांबता ना?"

त्यांनी आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. मग म्हणाले, "त्याला सांगू नकोस. सोबत देतो म्हटलं की माणसाला राग येतो. सोबत मागितली की कुणी नाही म्हणत नाही." आणि मी काही बोलायच्या आत, "मला धीट-बिट समजू नकोस हं. रोज पोटात गोळा येतो. दुपारपासूनच येतो."

मी धनेपूड घेतली आणि घरी येऊन खूप रडले. काकांच्या चांगुलपणानं रडले, हे तर झालंच. पण खरं सांगू? मला हायसं वाटलं म्हणून जास्त रडले. माझा नवरा एकटा नव्हता. त्या दिवसापासून माझ्या पोळ्या करपेनाशा झाल्या, आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या पोटातल्या गोळ्यावर मी निवांत झाले.

नोव्हेंबरात ते घडलं. धुकं होतं. बाजाराच्या भिंतीशी चार-पाच पोरं हुड ओढून उभी होती. आधी शिव्या आल्या, मग घरी चालते व्हा वगैरे नेहमीचं. निखिलला उलट बोलायचं होतं. काकांनी त्याचा दंड घट्ट धरला आणि मान खाली घालून चालत राहायला सांगितलं. दोघं भिंतीच्या टोकाला पोचत आले होते, तेवढ्यात मागून बिअरचा भरलेला कॅन आला आणि काकांच्या कानामागे बसला. काका तोल जाऊन पडले ते हातावर. पोरं पळाली. निखिलच्या ओरडण्यानं समोरच्या घरातून अंत्यविधीवाल्यांची बायको धावत आली. ती मांडी घालून ओल्या फुटपाथवर बसली, काकांचं डोकं तिनं मांडीवर घेतलं, त्यांना शाल पांघरली आणि तिच्या नवऱ्यानं गार्डना, म्हणजे इथल्या पोलिसांना, आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती सारखी म्हणत होती, यू आर ग्रँड, यू आर ग्रँड. काका मला नंतर म्हणाले, "तिनं ग्रँड म्हटल्यावर मला कळलं, हाड मोडलंय."

दुसऱ्या दिवशी काका आमच्याकडे बसले होते. मनगटाला प्लॅस्टर, कानामागे टाके. काकूंनी त्यांचा कप धरला होता. सई शाळेतून आली आणि जागच्या जागी थबकली. काय झालं, असं तिनं विचारलं. निखिल चटकन म्हणाला, "काही नाही गं, काका पाय घसरून पडले."

काकांनी कप बाजूला करायला लावला. "घसरलो नाही, बाळा. मला मारलं. मी फार घाबरलो आणि तुझा बाबाही घाबरला." मग निखिलकडे बघून म्हणाले, "पोरीला खोटं सांगू नकोस. उद्या तिला भीती वाटली तर ती कुणाला सांगणार? तुला काही वाटतच नाही म्हटल्यावर तुला कशाला सांगेल?"

निखिल उठून आत गेला. सई काकांच्या प्लॅस्टरवर फुलं काढत बसली.

गाव चांगलं वागलं, हे सांगितलंच पाहिजे. गार्ड येऊन सगळं विचारून गेले. दुकानाच्या दाराशी केक, कार्ड, सूपचे डबे यांचा ढीग. म्हाताऱ्या बायका काकांचा चांगला हात हातात घेऊन रडल्या. सगळ्यांना वाटलं, आता काका गावातच राहणार. मलाही वाटलं. भित्रा माणूस गोष्टीत शेवटी धीट होतो ना, तसं काहीतरी होईल म्हणून मी वाट बघत होते. काका धीट झाले नाहीत. त्यांचा मुलगा ब्लँचर्डस्टाउनला राहतो, काकूंना तिकडच्या एका वृद्धाश्रमात काम मिळालं, आणि नाताळच्या आधीच त्यांनी दुकान एका पंजाबी जोडप्याला देऊन टाकलं.

निरोपाला गेले तेव्हा मी चिडलेच होते. खोकी बांधायला मदत करता करता मला राहवलं नाही. "तुम्ही चाललात. आता आम्ही काय करायचं?"

काका एका हातानं देव जुन्या साडीत गुंडाळत होते. "मला घाबरू दे की गं," म्हणाले. अगदी विनवल्यासारखं म्हणाले. "भीती वाटली की माणसानं आपल्या माणसांजवळ जावं. माझी तिकडं आहेत. तुझं माणूस तुझ्या घरात आहे. ते घाबरलंय, आणि तुला सांगत नाही." मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी पोचल्यावर फोन करतो म्हणून सांगितलं, आणि केला.

ते गेल्यानंतरच्या सोमवारी निखिल सकाळी नेहमीसारखा ऑफिसला गेला. दुपारनंतर माझं लक्ष कशातच लागेना. अंधार पडला. मी पुन्हा खिडकीत. गाव सोडावं का, परत ल्यूकनला एखादी खोली मिळेल का, मिळाली तर परवडेल का, नाहीतर सरळ पुण्याचं तिकीट काढावं, सगळं डोक्यात फिरत होतं. बसची वेळ झाली आणि फोन वाजला. निखिल. बसमधूनच बोलत होता.

"उतरायची वेळ झाली," तो म्हणाला. "मला भीती वाटतेय गं. स्टॉपवर येशील?"

येते म्हटलं. सईला घरी एकटी ठेवायची भीती, बरोबर न्यायचीही भीती. शेवटी तिला टोपी घातली, बरोबर घेतलं. माझ्या जाकिटाची चेन काही केल्या लागेना. तशीच उघड्या जाकिटानं निघाले.