घोडा उशिरा पडत होता

यंदा दसऱ्याला भवानीनगरजवळच्या आमच्या वस्तीवर मी वडिलांचा, आबांचा, चारचौघांत अपमान केला. करताना तो अपमान वाटला नव्हता... गंमत वाटली होती.

आबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. उसात, मक्यात रानडुकरं शिरली की हवेत बार काढायचा, एवढंच तिचं काम. पण दसऱ्याला पूजा झाली की आबा शेततळ्याच्या भरावाला एक मडकं टेकवून ठेवतात आणि पाहुण्यांसमोर फोडतात. दरवर्षी, पहिल्याच बाराला.

यंदा पहिला बार चुकला. चाप ओढला, बंदुकीचा घोडा पडला, क्षणभर काहीच नाही... आणि मग धडाम! गोळी मातीत. दुसराही तसाच गेला. चुलते, दाजी, बारामतीहून माझ्यासोबत आलेले मित्र, सगळे बघत होते.

"आबा, ठेवा आता बंदूक. हात थरथरतोय तुमचा," मी म्हणालो.

"हात न्हाय रं. घोडा उशिरा पडतोय."

"आता घोड्यावर ढकला!" मी म्हणालो आणि सगळे हसले. आबाही थोडंसं हसले, आणि बंदूक आत ठेवून आले.

मी राहतो बारामतीत, जळोचीला, नोकरी लोणी देवकरला. सुट्टीला वस्तीवर जातो. पुढच्या वेळी गेलो तर आबांनी ट्रॅक्टरची चावी चुलतभावाकडे दिलेली. त्यानंतर गेलो तर मोटारसायकल शेडमध्ये झाकून ठेवलेली. आई म्हणाली, "दाढीबी सलूनात जाऊन करत्यात. म्हणत्यात, हात थरथरतो माझा."

मला वाटलं, बरं झालं. वय झालंय, जपून राहतील. आपलंच म्हणणं खरं ठरलं याचं थोडं समाधानही वाटलं... हे लिहिताना लाज वाटतेय, पण वाटलं होतं.

दिवाळीनंतर डुकरं मक्यात उतरली. आबा बंदुकीला हात लावेनात. परवान्यावर माझंही नाव आहे, म्हणून एका सकाळी मीच ती काढली. आधी जरा हात बसावा म्हणून भरावाला मडकं ठेवलं.

माझे हात चाळिशीतले, धडधाकट. नीट नेम धरला, चाप ओढला. घोडा मरगळल्यासारखा पडला आणि बार निघेपर्यंत नळी जागची हलली होती. चुकलो. परत भरली, परत मारली... परत चुकलो.

मग मी काय केलं? आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. मडकं उचलून शेडमागे ठेवलं, बंदूक पुसून जागेवर लावली. घरात कुणाला काही बोललो नाही.

फक्त आबांना एवढंच म्हटलं की बंदूक एकदा दुरुस्तीला दाखवून आणू. मूळ परवाना त्यांच्या नावाचा, माझं नाव नुसतं जोडीला; त्यांना न्यावंच लागणार होतं. बंदुकांच्या दुकानातल्या माणसाने घोडा एक-दोनदा ओढून सोडला आणि विचारलं, "चालवतं कोण ही?"

"मी चालवायचो," आबा म्हणाले. "आता हात थरथरतो माझा."

मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. परवान्याची घडी उलगडून त्या माणसापुढे सरकवली...

बंदुकीचं लॉक बदललं. म्हणजे घोडा, त्याची स्प्रिंग आणि चाप, ही सगळी जुळणी नवी. नळी आणि लाकूड जुनंच. जुनी स्प्रिंग ढिली झाली होती, त्यामुळे घोडा रेंगाळत पडायचा, दारू पेटवणाऱ्या टोपीवर ठोका कमजोर बसायचा आणि बार मागे राहायचा. तेवढ्या वेळात कुणाचाही नेम हलणार.

परवा रविवारी आग्रह करकरून आबांना भरावासमोर उभं केलं. त्यांनी चाप ओढला. या वेळी घोडा पडल्याचा वेगळा आवाजच नाही, थेट बार! मडक्याच्या खापऱ्या उडाल्या.

आबांनी बंदूक माझ्याकडे दिली. मग स्वतःचा उजवा हात समोर धरला, बोटं पसरली आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिले.

तेव्हा कुठे माझ्या तोंडातून निघालं. "आबा, मी पण मारून बघितलं होतं. दोन्ही बार चुकले माझे."

"ठावं हाय. गोठ्यात हुतो मी. बार ऐकू आलं, मडकं फुटल्यालं न्हाय आलं."

"मग दुकानात तसं का म्हणालात?"

"तू बोलशील वाटलं हुतं," आबा म्हणाले, आणि खापऱ्या गोळा करायला गेले.

रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी मला बोलायला जागा करून दिली होती आणि मी खुर्चीत बसून राहिलो. काल आईचा फोन आला, आबा ट्रॅक्टर घेऊन रानात गेलेत म्हणून. ऐकून बरं वाटलं, पण नंतरही आबांना फोन लावायचं धाडस झालं नाही.

दसऱ्याला हसलेले बहुतेक जण इथे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. म्हणून इथेच, सगळ्यांसमोर लिहितोय... आबांचा हात थरथरत नाही. त्या दिवशीही थरथरत नव्हता.