न्हाणमावशींवर घेतलेला आळ

न्हाणमावशी आमच्या बिल्डिंगच्या आवारात शिरल्या की लगेच जिना चढत नसत. आधी खाली उभ्या राहून, कपाळावर हात आडवा धरून वरच्या गॅलऱ्यांतल्या कपड्यांच्या दोऱ्या बघत. ज्या घरात बाळंतीण असेल त्या घरच्या दोरीवरचे लंगोट मोजत आणि तिथूनच ओरडत, "तिसरा मजला, आठ! पोरगं मजेत हाये." मग सावकाश वर येत. बाळाला हात लावण्याआधीच त्यांना निम्मी बातमी कळलेली असे.

सिल्वासातल्या आमच्या वसाहतीत बहुतेक सगळे कारखान्यांमधले इंजिनिअर नाहीतर मॅनेजर. कुणी नाशिकचे, कुणी पुण्याचे, कुणी मुंबईचे. आई, सासू सगळ्यांच्याच लांब. त्यामुळे बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला कुणीतरी लागायचंच, आणि कुणालाही विचारलं तरी याच मावशींचं नाव पुढे येई. त्या मूळच्या नंदुरबारकडच्या. नवऱ्याच्या नोकरीमागे सिल्वासाजवळच्या खडोलीला आल्या, नवरा गेल्यावर एकुलत्या एका मुलीला घेऊन तिथल्याच एका खोलीत राहिल्या. रोज सकाळी पहिल्या पाळीच्या कामगारांबरोबर रिक्षात दाटीवाटीने बसून सिल्वासाला येत. तुमच्यापैकी अनेकांना अशा मावशींनी न्हाऊ घातलं असेल, म्हणून जास्त वर्णन करत नाही.

मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. त्यांच्याविषयी आपुलकीने लिहायला बसलो आहे, पण त्या आपुलकीचा मला फारसा अधिकार उरलेला नाही, हे आधीच सांगतो.

आमच्या घरी त्या आल्या नातीच्या वेळी. माझी बायको त्याआधीच गेली होती. सुनेच्या, अनघाच्या वडिलांना अर्धांगवायू झालेला, त्यामुळे तिची आई पुण्याहून हलू शकत नव्हती आणि अनघा माहेरी जाऊ शकत नव्हती. मुलगा वापीला नोकरीला, सकाळी सातला घर सोडायचा. घरात उरलो मी, बाळंतीण आणि तीन दिवसांचं बाळ.

मावशींचा घरात आल्यावरचा पहिला प्रश्न बाळाबद्दल नसायचा. "ताई, जेवली का गं?" असं त्या अनघाला विचारायच्या. ती "थोडंसं" म्हणाली की पदर खोचून थेट स्वयंपाकघरात. "साहेब, हिला थोडंसं वाढायला ही काय पाहुणी हाये?" असं मला ऐकवत तूप-भात कालवून आणायच्या, आणि ताट रिकामं झाल्याशिवाय तेलाची वाटी हातात घ्यायच्या नाहीत.

त्यांची दुसरी सवय कान देण्याची. अनघा बाळाला पाजायला बसली की मावशी शेजारी डोळे मिटून बसायच्या. मी बाहेरच्या खोलीतून विचारायचो, "मावशी, झोप लागली का?" त्या आतूनच म्हणायच्या, "गप बसा हो साहेब, घोट ऐकतेय. नुसतं तोंड हलवतंय का गिळतंय, ते कानाला कळतं."

बाळ प्यायला फार वेळ घेई. पाऊण तास, कधी त्याहून जास्त. मध्येच डोळा लागायचा, पुन्हा जागं होऊन प्यायचं. आणि तासाभरात परत रडायचं. अनघा रडकुंडीला यायची. "मावशी, माझं दूध पुरतच नाही तिला. मैत्रिणीचं बाळ पंधरा मिनिटांत आटपतं."

"मैत्रिणीच्या बाळाला गाडी पकडायची असेल," मावशी म्हणायच्या. "तुझी पोरगी ओव्हरटाइम करतेय, करू दे. जितकं ओढेल तितकं वाढेल. महिनाभरानं बघ, तीच झटपट प्यायला शिकते."

शेजारच्या शांताबेन रोज डोकावून काळजीने विचारायच्या, "दूध आवे छे ने?" चौथ्या दिवशी मावशींनी त्यांना दारातच गाठलं. "आवे छे, आवे छे! तुमच्या चहाला देऊ का वाटीभर?" शांताबेन हसत हसत पळाल्या, पण पुन्हा तो प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नाही. त्या दिवशी मी बाळंतपणानंतर पहिल्यांदा अनघाला मोठ्याने हसताना ऐकलं.

आता माझ्याबद्दल. सुताच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं कामाच्या वेळा ठरवायचं काम केलं. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं, कुठल्या हालचालीला किती सेकंद लागतात ते लिहायचं, फालतू वेळ काढून टाकायचा आणि तक्ता बनवायचा. माझ्या तक्त्यांनी खात्याचं उत्पादन वाढलं, त्याचा मला अभिमान होता. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं.

बाळ बारा दिवसांचं असताना मावशींची सासू गावी वारली. दहाव्या-तेराव्यासाठी त्यांना जायला लागलं. जाताना त्यांनी अनघाला प्यायला बाळंतशेपाच्या पाण्याची बाटली करून ठेवली आणि मला दारात उभं करून सांगितलं, "साहेब, ताईला मागेल तेव्हा पाजू द्या. आणि लंगोट मोजा. दिवसाचे सहाच्या खाली आले तर माझी वाट बघू नका, डॉक्टरकडे जा."

मी "हो" म्हणालो. दुसऱ्या दिवशी बाजारातून डायपरचा मोठा गठ्ठा आणला. अनघाचे श्रम वाचतील म्हणून. डायपर किती भरला, किती रिकामा, हे कुणी पाहिलं नाही. दिवसाला तीनच बदलावे लागतात म्हणून आम्ही उलट खूश झालो. आणि मी तक्ता बनवला. दर तीन तासांनी एकदा, प्रत्येक बाजूला दहा मिनिटं. पिता पिता बाळ झोपलं तर तो वेळ फालतू, उचलून पाळण्यात ठेवायचं. मध्ये रडलं तर हलवायचं, पाजायचं नाही. अनघाच्या पलंगासमोर मी तो चिकटवला आणि दाराबाहेरून वेळ सांगायला लागलो. "झाली दहा मिनिटं."

अनघा दमलेली होती. कुणीतरी नक्की काहीतरी सांगतंय याचाच तिला आधार वाटला. "बाबा आयुष्यभर हेच करत आलेत," असं तिने आईला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं.

पहिले दोन दिवस बाळ खूप रडलं. तिसऱ्या दिवशी कमी. पाचव्या दिवशी जवळजवळ नाहीच. मी मुलाला म्हणालो, "बघ, शिस्त लागली."

मावशी तेराव्याहून परतल्या त्या सकाळी खालून आकडा ओरडल्या नाहीत, कारण दोरीवर एकही लंगोट नव्हता. जिना त्या धावतच चढल्या असाव्यात, दम लागला होता. पाळण्याजवळ गेल्या, बाळाला उचललं, गालावर बोट फिरवलं, तळव्याला टिचकी मारली. बाळाने डोळे उघडले नाहीत.

"साहेब, ही झोपलेली नाही," त्या म्हणाल्या. "गाडी काढा."

दवाखान्यात वजन केलं तेव्हा काट्यावरचा आकडा मी दोनदा वाचला. जन्मली त्या दिवशी होतं त्याहूनही कमी. पंचवीस दिवसांची पोर. अंग पिवळं, ओठ कोरडे. नर्स तिला आणि अनघाला आत घेऊन गेली. मावशी बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरांनी मला खोलीत घेऊन विचारलं, "काय चाललं होतं घरी? बाळाला दूध किती वेळ पाजत होते?"

साधा प्रश्न होता. दहा-दहा मिनिटं, तीन तासांनी, मी ठरवलं होतं, एवढंच सांगायचं होतं. माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. "मालिशवाली बाई आहे एक. ती बोटाने काहीतरी चाटवायची. शेपाचं पाणी वगैरे."

हे मी कसं बोललो याचा धक्का मला आजही बसतो. आधी ठरवलं नव्हतं. ती बाटली तर सुनेसाठी होती, बाळाच्या तोंडाला तिचा थेंबही लागलेला नव्हता. डॉक्टर तडकले. "या बायकांच्या हाती बाळं देता तरी कशी?" मग त्यांनी अनघाला समजावलं, बाळ मागेल तेव्हा, मागेल तितका वेळ पाजायचं. म्हणजे मावशी सांगत होत्या तेच. चार दिवसांत बाळ सुधारलं, आठवड्यात टवटवीत झालं.

दवाखान्यात अनघाने मला एकदाच विचारलं होतं, "बाबा, आपल्या तक्त्यामुळे तर नाही ना झालं?"

मी म्हणालो, "छे गं. गावी जायच्या आधी न्हाऊ घालताना त्या बाईने चाटवलं, त्याचं आहे ते."

घरी येऊन मी तक्ता काढला आणि फाडून टाकला. मुलाने संतापून सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला, या बाईपासून सावध राहा, डॉक्टरांनीच सांगितलंय. तो मी वाचला आणि गप्प राहिलो.

मावशी त्यानंतर एकदाच आल्या. मी जाळीचं दार उघडलं नाही. त्या जाळीबाहेरूनच म्हणाल्या, "पोरगी आता किती वेळ पिते?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"अर्धा तास तरी पिते का? मधी झोपते का?"

"पिते," मी म्हणालो.

"मग झालं," म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या. मी धरून चाललो की त्यांना सगळं कळलंय आणि मोठ्या मनाने त्या गप्प बसल्यात. चार वर्षं मी या समजुतीवर काढली. माझ्या सोयीची होती.

यंदा अनघाला पुन्हा दिवस गेले. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "या वेळी मालिशला नीट बघून ठेवू. त्या बाईसारखी नको." दुसऱ्या दिवशी मी रिक्षाने खडोलीला गेलो. तिथे पोहोचल्यावर लक्षात आलं की विचारायचं कुणाला आणि काय, मला त्यांचं नावच माहीत नव्हतं. "पूर्वी सिल्वासात बाळांना न्हाऊ घालायच्या त्या," असं चार दारी सांगितल्यावर एकीने म्हटलं, "सुमनबाई? त्या आता इथल्या एका कारखान्यात बाटल्यांची बुचं पॅक करतात."

सुटी होण्याच्या वेळी त्या कारखान्याच्या फाटकातून बाहेर आल्या. केस पांढरे झालेले, डोक्याला प्लास्टिकची टोपी तशीच. मला ओळखलं. "पोरगी कशी हाये साहेब?" हाच पहिला प्रश्न. मी तिथे रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तक्ता, दहा मिनिटं, डायपर, डॉक्टरांच्या खोलीतलं माझं बोलणं. त्या चिडतील, निदान "मला ठाऊक होतं" म्हणतील, असं मला वाटत होतं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाल्या, "भिंतीवर कागद होता खरा. मला वाटलं औषधाचा असेल." आणि टोपीची घडी करता करता, "म्हणजे माझ्या हातानं नाही झालं?"

"नाही," मी म्हणालो.

"साहेब, मोठ्या डॉक्टरनं सांगितलं म्हणून मला खरंच वाटलं. चार वर्षं मी आठवत बसले. माझ्या हाताला काय लागलं होतं, गावी जायच्या आधी तेल बदललं होतं का, शेपाचं पाणी बोटाला राहिलं होतं का. बाया बोलवत होत्या मला. थोडे दिवस थांबल्या, मग परत बोलवायला लागल्या. मीच जात नव्हते."

माझी कल्पना होती की मी त्यांची कामं घालवली. घालवलं होतं ते त्याहून मोठं.

त्या पुढे चालू लागल्या. "माझ्या पोरीला, मनीषाला पोरगं झालं त्याच साली. तुमच्या ग्रुपवरचं ते फिरत फिरत तिच्या सासूच्या मोबाईलवर आलं, तिनं दाखवलं, तुझ्या आईनं काय केलं बघ. मनीषानं माझ्या मांडीवरून पोर उचलून घेतलं. ते पण हळू पिणारं. मी दारात बसून ऐकायचे, घोट यायचे की चांगले. पण तिला वाटलं पुरत नाही. कुणी धीर द्यायला नव्हतं. तीन आठवड्यांत डब्याचं दूध लावलं. मी म्हणणार होते, थांब गं. पण माझंच तोंड उघडेना." मग एकदम थांबून म्हणाल्या, "तिला सांगा. आत्ता चला."

मनीषाची खोली दोन गल्ल्या पलीकडे होती. ती भाकरी करत होती, मुलगा शेजारी बसून खात होता. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिने तवा उतरवला. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. आईला म्हणाली, "मग तू तेव्हा भांडली का नाहीस? एकदा तरी म्हणायचं ना, मी नाही केलं!"

"मला तरी कुठं माहीत होतं गं," मावशी म्हणाल्या.

मनीषाने पिठाचे हात तसेच तोंडावर दाबले. तिच्या सासूने आतून विचारलं, कोण आलंय.

घरी येऊन मी मुलाला आणि अनघाला सांगितलं. मुलगा दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. अनघा म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला विचारलं होतं." एवढंच. ज्या ग्रुपवर मुलाने तो मजकूर टाकला होता, तिथे हे सगळं माझ्या नावाने टाकणार आहे, हे दोघांनाही सांगितलं आहे.

अनघाचे दिवस भरत आले आहेत. गेल्या रविवारी ती स्वतः खडोलीला गेली, मी सोबत होतो. मावशींनी तिला आधी जेवायला बसवलं. ताट संपेपर्यंत विषय काढू दिला नाही. मग अनघा त्यांचा हात धरून म्हणाली, "मावशी, या वेळी तुम्हीच या. मला दुसरं कुणी नको."

"येईन की," मावशी म्हणाल्या. "शेजारी बसेन. किती वेळ प्यायला द्यायचं, सगळं सांगेन. तू घाबरू नको."

अनघाचा चेहरा उजळला. मावशींनी तिच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला आणि पदराखाली ठेवला.

"फक्त पोर माझ्या हातात देऊ नको, ताई."