हंबीररावांचं गॅसचं कपाट

हंबीररावांची नक्कल करायची तर आधी डावा डोळा गच्च मिटायचा, उजवा बारीक करायचा आणि चिमटीत काहीतरी धरून उजेडाकडे बघायचं. चिमटीत काही नसलं तरी चालतं. मग नाकातून लांब श्वास सोडून म्हणायचं, "कुणी हात लावलाय ह्येला?" राजारामपुरीत कुणापुढेही करून बघा, तो लगेच सांगेल हे हंबीरराव म्हणून.

त्यांच्या चिमटीत असतं ते स्टोव्हचं निपल. त्याला टाचणीचं टोकही जाणार नाही एवढं भोक असतं, आणि त्या भोकातून हंबीररावांना जगातले सगळे गुन्हेगार दिसतात. स्टोव्ह आपणहून बिघडतो हे त्यांना मान्यच नाही. तो कुणीतरी बिघडवलेला असतो, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा समोर उभं असतं.

आधी त्यांचा धंदा गॅसबत्त्यांचा. लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, कुस्तीचा रात्रीचा आखाडा, सगळीकडे बत्त्या त्यांच्या. मग संस्थान विलीन झालं, गल्लीगल्लीत विजेचे खांब आले आणि बत्त्या माळ्यावर गेल्या. त्या खांबांकडे हंबीरराव अजूनही भाऊबंदाकडे बघावं तसं बघतात. "दिवा हाय का काजवा हाय ह्यो," असं खांबाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणतात. पोटासाठी स्टोव्हदुरुस्ती धरली, पण राग बत्तीचाच राहिला, पंप मारून ठेवलेला.

ही गोष्ट गेल्या श्रावणातली. आमच्या भिंतीला भिंत लागून दत्तोपंत मास्तर राहतात. त्यांची आई, आक्का. आक्काचा चातुर्मास कडक. सोवळ्यात स्वतः रांधलेलं तेवढंच जेवायचं. सुनेच्या हातचं नाही, मुलाच्या हातचं तर नाहीच. सोवळं म्हणजे धुऊन, कुणाचाही स्पर्श न होता वाळलेलं लुगडं. रेशमी होतं ते उंदरांनी कुरतडलं, उरलं सुती. आणि त्या श्रावणात पाऊस असा, की गगनबावड्याचा घाट सोडून आमच्याच गल्लीत मुक्कामाला आला होता. सुती लुगडं आज धुतलं तर परवा दमट. लुगडं वाळलं नाही की आक्काचा स्वयंपाक नाही, स्वयंपाक नाही की जेवण नाही. दूध आणि केळं खाऊन आक्का पडून राहायची. खाली उभं राहून बोलली तरी माडीवर ऐकू जाणारा तिचा आवाज, तो पार बसला.

म्हणून हंबीररावांनी तिच्यासाठी गॅसचं कपाट केलं. पत्र्याचं उभं कपाट, आत वरती आडवी काठी, तळाला जाळी, जाळीखाली पितळी स्टोव्ह. घासलेटचा गॅस होऊन निळा जळतो, वरून वाफ नळकांड्यातून बाहेर. मागच्या पडवीत ते बसवलं तेव्हा आख्खी गल्ली बघायला आली. "पंचगंगेला पूर येऊ दे," हंबीरराव म्हणाले, "आक्काचं लुगडं खडखडीत." आणि खरंच, तासाभरात लुगडं असं वाळलं की उभं केलं तर उभं राहील. आक्का जेवली, आवाज परत आला, सुनेनं सुस्कारा टाकला. तो जेवली म्हणून की आवाज आला म्हणून, ते सांगता येणार नाही.

मग एक दिवस पंप हवा धरेना. हंबीरराव आले, चामड्याचं वायसर काढलं, गोडं तेल चोळून बसवलं, पेटवून दाखवलं, विझवलं आणि गेले. ते गेल्यावर आक्कानं कपाटात लुगडं टाकलं, स्टोव्ह पेटवला, तर पिवळा भडका आणि धूर. लुगड्यावर काजळीचे ठिपके. आक्का उपाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव पुन्हा आले. निपल उजेडाकडे धरलं. डावा डोळा मिटला.

"कुणी हात लावलाय ह्येला?"

दत्तोपंत म्हणाले, "कोणीही हात लावलेला नाही."

"मग ह्यो कचरा काय आभाळातनं पडला व्हय? वैनी, तुम्ही पिन मारलीसा?"

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मला त्या कपाटाजवळ उभं राहायचीसुद्धा परवानगी नाही." हे तिनं इतक्या गोड आवाजात म्हटलं की दत्तोपंतांनी मान खाली घातली.

हंबीररावांनी निपल साफ केलं. निळी ज्योत भुरभुरली. ते गेले. आक्कानं पेटवलं. भडका, धूर, काजळी.

आता संशय घासलेटवर. दुकानदाराच्या तोंडावर बाटली धरून हंबीरराव म्हणाले, "ह्ये घासलेट हाय का रंकाळ्याचं पाणी?" दुकानदार म्हणाला, "गिऱ्हाईक हाय का पोलीस?" पुढचं मला लिहिता येणार नाही, आमच्या घरी हे कुणी वाचलं तर पंचाईत. नवं घासलेट फडक्यातून गाळून घातलं. हंबीररावांसमोर ज्योत निळी. पाठ फिरली की पिवळी.

आक्काचे डोळे आत गेले. दत्तोपंत तसे मऊ, पण आई उपाशी म्हटल्यावर त्यांनाही राग चढला. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी, भर गर्दीत, त्यांनी हंबीररावांना गाठलं. दत्तोपंत रागावले की पाठ्यपुस्तकासारखे बोलतात.

"हंबीरराव, कारागीर कोणास म्हणतात? जो वस्तू दुरुस्त करतो त्यास. तुम्ही काय करता? वस्तू दुरुस्त झाल्याचा भास निर्माण करता. माझी आई आठवडाभर अन्नाविना आहे. तुम्हाला हे काम येत नाही, असे मी सर्वांसमक्ष सांगतो."

गिरणीवाल्यानं पट्टा काढला, सगळं नीट ऐकू यावं म्हणून. हंबीररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढंच म्हणाले, "उद्या आक्का जेवल्याबिगर मी तुमच्या परड्यातनं हालत न्हाय, मास्तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव आले. निपल साफ केलं, ज्योत दाखवली, विझवली, पिशवी उचलली, "येतो" म्हणाले आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. पण घरी गेलेच नाहीत. बोळातून वळसा घालून मागच्या परड्यात शिरले आणि जळणाच्या लाकडांवरच्या पत्र्याखाली डोक्यावर पोतं घेऊन बसले. गुन्हेगार धरायचा होता. आमच्या मागच्या खिडकीतून सगळं दिसतं, त्यामुळे मीही खिडकीला चिकटून.

थोड्या वेळानं आक्का आली. एका हातात राखेची वाटी, दुसऱ्यात चिंचेचा गोळा. ती स्टोव्हपुढे बसली आणि देवाचं उपकरण घासावं तसा तो पितळी स्टोव्ह खालपासून वरपर्यंत घासायला लागली. टाकी घासली, पंप घासला, बर्नरच्या टोपीत राख भरून अंगठ्यानं गरागरा फिरवली. मग तांब्याभर पाणी ओतलं. स्टोव्ह सोन्यासारखा चमकला.

पोतं उडालं.

"आक्का, काय चाललंय ह्ये?"

आक्का दचकली नाही. "अहो, तुम्ही गेला नाहीत? लांब उभे राहा, मी घासतेय."

"रोज घासताय?"

"तुम्ही हात लावलात की घासते. तुमचा हात लागलेला, त्यावर माझं सोवळं कसं वाळवू?"

मी पुढचं ऐकायला खिडकीतून अर्धा बाहेर आलो. हंबीररावांचा आवाज एकदम खाली गेला, आणि तो खाली गेला की घरातल्यांनी मांजरसुद्धा उचलून घ्यावं असं गल्लीत म्हणतात.

"माझा हात लागला म्हणून," ते म्हणाले. "मास्तरांच्या लग्नात वरातीच्या म्होरं माझ्याच बत्त्या हुत्या, आक्का. त्यो उजेड बी घासून घेतलातासा काय?"

आक्कानं वाटी खाली ठेवली. गडबड ऐकून दत्तोपंत हातात कोट घेऊन धावत आले.

"तसं नाही हंबीरराव," आक्का म्हणाली. "यात तुमचं काही नाही. दत्तूनं शिवलं तरी मी घासते."

"व्हय? मास्तर, लावा हात."

"मी?"

"लावा म्हणतो न्हवं."

दत्तोपंतांनी एक बोट टाकीला लावलं. "अरे दत्तू," म्हणत आक्कानं पुन्हा राख उचलली आणि त्या बोटाएवढी जागा घासायला लागली.

हंबीरराव बघत राहिले. राग जायला जागा पाहिजे होती, ती मिळेना. मग मिळाली. "मग पहिल्यांदा बसवलं तवा मीच समदं हाताळलंतं की. तवा कसं न्हाय घासलंसा?"

"तेव्हा ते कोरं होतं. कोऱ्या वस्तूला विटाळ नाही."

"आन् घासलेटला?"

"रॉकेल काय खायची वस्तू आहे? आणि अग्नीला तर विटाळ नाहीच. पितळेला आहे."

"आन् त्या निपलात राख जाती, त्येचं काय?"

"राख पवित्रच," आक्का म्हणाली.

हंबीररावांनी दोन्ही हात आपल्याच डोक्यावर मारले. आठवडाभर घासलेटवाला, वैनी, स्टोव्हची कंपनी, देव, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या होत्या. आता शिवी द्यायची ती समोर उपाशी बसलेल्या म्हातारीला, आणि ती काही देता येईना. त्यानंच ते जास्त खवळले. पिशवीतून निपल साफ करायची, केसाएवढ्या तारेची पिन काढली, पायरीवर ठेवली आणि चार पावलं मागं सरकले.

"मी शिवत न्हाय. तुमच्या हातानं करा. पिन धुऊन घ्या. कोरीच हाय, पर धुवा, न्हायतर उद्या म्हणशीला."

आक्कानं पिन धुतली.

"आता भोकात घाला. उभी धरा. उभी म्हणजे उभी आक्का, मेखंवानी. वाकडी धरून काय टाका घालताय व्हय?"

"ओरडू नका. मी बहिरी नाही."

"ओरडत न्हाय मी. माझा आवाजच असा हाय. वर-खाली करा. आता टोपीतलं पाणी टिपा. कोरड्या फडक्यानं. ते ओलं हाय. तेबी ओलं हाय. ह्या घरात एक कोरडं फडकं असलं तर शपथ."

"कोरडं फडकं असतं तर तुमचं कपाट कशाला लागलं असतं?" आक्का म्हणाली.

शेवटी सूनबाईनं जुना कागद लांबून टाकला. त्यानं टिपलं. काकडा पेटवून बर्नर तापवला, आक्कानं पंप मारला, पहिल्यांदा फुसका, मग जोरात. बर्नर खाकरला, थुंकला, पिवळा झाला आणि एकदम निळा भुरभुरायला लागला. आक्कानं काठीनं लुगडं आत टाकलं, दार लावलं.

हंबीरराव पुन्हा पत्र्याखाली जाऊन बसले. दत्तोपंत म्हणाले, "आता घरी गेलात तरी चालेल."

"जेवल्याबिगर हालत न्हाय म्हणालतो. आन् मास्तर, गिरणीपाशी जे बोललासा ते परत तिथंच जाऊन फिरवा."

"शाळेत जाताना सांगेन."

"सांगा. मी हितनं ऐकतो."

गिरणी कोपऱ्यावरच. थोड्या वेळानं पावसातून दत्तोपंतांचा आवाज आला, "हंबीररावांच्या कामात कोणताही दोष आढळून आलेला नाही."

हंबीरराव पत्र्याखालून ओरडले, "ऐकू आलं न्हाय."

"दोष आढळून आलेला नाही," दत्तोपंत किंचाळले. गिरणीपाशी कुणीतरी हसलं.

लुगडं वाळलं. आक्का न्हाली, सोवळं नेसली. चूल पेटल्याचा वास आला, मग हिंगाच्या फोडणीचा. हंबीरराव पत्र्याखाली गुडघ्यांना मिठी मारून बसलेले, पाठ भिजलेली, तोंड अजून फुगलेलंच. सूनबाईनं चहा आणून ठेवला, तोही त्यांनी गार होऊ दिला.

बऱ्याच वेळानं आतून आक्काचा आवाज आला, चांगला खणखणीत. "जेवले हो हंबीरराव."

"काय जेवलासा?"

"वरणभात."

"भाजी?"

"भोपळ्याची."

"पोटभर, का नुस्तं शास्त्रापुरतं?"

"पोटभर. दोनदा भात घेतला. आता जा, भिजू नका."

हंबीरराव उठले. गार चहा एका घोटात प्याले, कप स्वतःच पन्हाळीखाली धुऊन पायरीवर पालथा घातला, आणि पिशवी खांद्याला मारून कुणाकडेही न बघता निघून गेले.