शारजाच्या नंबरप्लेटचा क्वाड घेऊन खोर अल उदैदला

कतारच्या दक्षिण टोकाला, वाळवंटातल्या खोर अल उदैदला क्वाडवरून जायचं, हा बेत मेधाचा होता. मेधा माझी बायको. मागच्या जूनमध्ये ती पुण्यात वारली. जानेवारीत मी ठरवलं की हा बेत पुरा करायचा, आणि तिच्याच क्वाडवरून. मी आधी कधी ब्लॉग लिहिलेला नाही. पण कागदपत्रांची माहिती शोधताना मराठीत काहीच सापडलं नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

क्वाड म्हणजे वाळूत चालणारी चार जाड चाकांची मोटरसायकल. मेधा सहा वर्षं शारजाच्या एका शाळेत गणित शिकवत होती आणि मी इथे कतारमध्ये, अल खोरला राहून रास लफ्फानच्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. शेहेचाळिसाव्या वर्षी ती शाळेतल्या बायकांबरोबर एकदा अल बदायरच्या वाळूत क्वाड चालवायला गेली आणि दोन महिन्यांनी तिनं जुना क्वाडच विकत घेतला. मला नंतर सांगितलं. नोकरी सोडून ती अल खोरला आली तेव्हा क्वाडही ट्रेलरवरून सौदीमार्गे आला, शारजाच्या नंबरप्लेटसकट. मुल्किया, म्हणजे तिकडचं नोंदणीचं कार्ड, तिच्या नावावर.

बाहेरच्या देशाच्या नंबरची गाडी कतारमध्ये ठरावीक मुदतीपुरतीच ठेवता येते. नंतर ती परत न्यायची, नाहीतर इथली नोंदणी करायची. आमची मुदत फेब्रुवारीअखेर संपणार होती. इथली नोंदणी केली की नवं कार्ड माझ्या नावावर होणार आणि तिचं नाव जाणार. ते मला करायचं नव्हतं. मुदत संपायच्या आत, तिच्या नावाच्या गाडीवरून एकदा खोर अल उदैद गाठायचं आणि मग पुढचं पुढे, असा माझा विचार होता.

माझ्याकडे मेधाचं मुखत्यारपत्र होतं. ऑपरेशनच्या आधी तिनं सही करून दिलेलं, गाडी वापरायला आणि कामं करायला, दोन वर्षांच्या मुदतीचं. तारीख अजून आत होती. आमच्या प्लांटमध्ये प्रत्येक गेजवर कॅलिब्रेशनचा स्टिकर असतो. स्टिकरवरची तारीख आत असेल तर गेज बरोबर मानायचं. सत्तावीस वर्षं मी असंच काम केलं आहे. मुखत्यारपत्राचंही तसंच धरलं. मनात शंका होती, पण कोणाला विचारलं नाही.

वाळूत एकट्यानं जायचं नसतं. मागे एक फोर व्हील ड्राइव्ह गाडी हवीच. माझा सहकारी सावंत, मूळचा कुडाळचा, त्याची गाडी घेऊन यायला तयार झाला. गुरुवारी दुपारी त्याच्या घरी वजनाचा हिशेब केला. हे कोणी गाळू नये. क्वाडच्या सीटखाली एक पत्रा असतो, त्यावर चालवणारा आणि सामान मिळून किती किलो चालेल ते लिहिलेलं असतं. आमच्या क्वाडवर एकशे दहा. ज्यादा वजन असेल तर वाळूत चाक रुततं आणि सबखात, म्हणजे मिठाच्या ओल्या सपाटीवर, वरचा पापुद्रा फुटून गाडी खाली जाते.

पाणी, पेट्रोलचा कॅन, पंप, दोर आणि हत्यारांची पेटी, सगळं सामानाच्या काट्याला लावून मोजलं. चाळीस किलो.

"तुका काय अख्खो प्लांट घेवन जावचो आसा?" सावंत म्हणाला. "तुझं वजन?"

"एक्क्याऐंशी."

"म्हणजे एकशे एकवीस. अकरा जास्त. पेटी काढ."

"पेटी लागेल."

"मग तू उतर. पेटी जाऊ दे एकटी."

त्याची बायको आतून वजनकाटा घेऊन आली आणि म्हणाली, भावोजी, अंदाजानं नका सांगू, उभे राहा. मी उभा राहिलो. अडुसष्ट भरलं. एक्क्याऐंशी हा आकडा मागच्या वर्षीच्या मेडिकलचा होता. सावंत काट्याकडे बघत राहिला. मी कागदावर एकशे आठ लिहिलं. मर्यादेत बसत होतं. तरी सावंतनं पेटी उचलून आपल्या गाडीत ठेवली आणि वहिनींनी मला जेवूनच जा म्हणून बसवलं.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघालो. अल खोर ते सीलाइन, दोहात न शिरता बाहेरच्या हायवेनं, दीड तास पुरे होतो. शुक्रवारी इथे सुटी, सकाळी रस्ता मोकळा असतो, पण कॅमेरे मोकळे नसतात, वेग सांभाळा. क्वाड रस्त्यावरून चालवत न्यायची परवानगी नाही, त्यामुळे ट्रेलर लागतो. आमचा पिकअप आणि ट्रेलर गुलजमानचा होता. तो पेशावरकडचा, वयानं माझ्याएवढाच. क्वाड चढवताना त्यानं दोन पट्ट्यांऐवजी चार बांधल्या. मग मागे जाऊन प्लेट बघितली.

"सर जी, ये तो शारजा का नंबर है. गेट पे पूछेगा."

"कागज है," मी म्हटलं.

"कागज है तो ठीक है. इन्शाल्ला."

मुसईदच्या अलीकडे करक चहाला थांबलो. गाडीतूनच हॉर्न वाजवायचा, माणूस बाहेर चहा आणून देतो. बरोबर चीज घातलेली गरम चपाती घ्या, दुपारपर्यंत पोट धरते. सीलाइनला डांबर संपतं तिथे टायरची हवा कमी करून देणारे बसलेले असतात आणि फोटोसाठी उंट. क्वाडला मागे उंच काठीवर केशरी झेंडा लावा. टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला तोच आधी दिसतो. हेल्मेट तर हवंच.

वाळूत शिरायच्या आधी पोलिसांची चौकी होती. एक तरुण कतारी अधिकारी कागद बघत होता. हिंदी मोडकं, पण बोलत होता. मुल्किया बघितलं, माझं ओळखपत्र बघितलं, मुखत्यारपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं.

"मदाम किधर?"

"नहीं आयी."

"नो प्रॉब्लेम. फोन करो. मदाम बोलेगा हाँ, तुम जाएगा."

बाजूला सावंत उभा होता. त्याच्या बायकोला फोन लावला असता आणि तिनं मेधा म्हणून हो म्हटलं असतं, तरी भागलं असतं. सावंतच्या डोक्यातही तेच आलं असावं, कारण त्याचा हात खिशाकडे गेला. मी मेधाचा नंबर काढला. तो अजून यादीत पहिलाच आहे. मग फोन खिशात ठेवला.

"फोन नहीं लगेगा," मी म्हटलं. "मेरी बीवी गुजर गयी है. जून में."

ऑफिसात हे सावंतनं सांगितलं होतं, सोसायटीत शेजाऱ्यांनी. मी स्वतः कोणाला सांगायची ती पहिलीच वेळ होती, आणि सांगितलं ते एका अनोळखी पोलिसाला, हिंदीतून.

तो खुर्चीतून उठला. "अल्ला यरहमहा," म्हणाला, म्हणजे देव तिच्यावर दया करो. मला आत सावलीत बसवलं, पाण्याची बाटली दिली. मग समोर बसून त्यानं मुखत्यारपत्र घडी घालून माझ्या हातात ठेवलं आणि इंग्रजीत समजावलं. तारखेला काही अर्थ नाही. ज्यानं अधिकार दिला तो माणूस गेला की अधिकारही त्याच दिवशी जातो. जूनपासून हा कागद बाद आहे. ही गाडी आता वारसांची आहे, आधी नावावर करा, मग या. "आय एम सॉरी, अंकल. रूल इज रूल."

मी म्हटलं, बरोबर आहे. खरंच बरोबर होतं.

गुलजमाननं क्वाडच्या पट्ट्या पुन्हा आवळल्या. परतीच्या वाटेत मुसईद मागे पडल्यावर सावंतनं विषय काढला.

"घरी आहे म्हणाला असतास तर सोडलं असतं."

"हो."

"मग?"

"तसं म्हणता आलं नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. "माझी बायको फोनवर मेधावहिनी म्हणून बोलली असती ना, तर जन्मभर तिला झोप लागली नसती."

त्याच दिवशी मी ठरवलं की नोंदणी करायची आणि पुन्हा जायचं. पुढचे पाच आठवडे कागदांत गेले. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, त्यांवर वकिलातीचे शिक्के, अरबी भाषांतर, शारजाकडून गाडी तिथल्या नोंदीतून काढल्याचं पत्र, इथला विमा, इथली तपासणी. नियम बदलत असतात, म्हणून माझ्या यादीवर विसंबू नका, वाहतूक खात्यात जाऊन स्वतः विचारा. एक मात्र सांगतो. भाषांतर मूळ दाखल्यावर शिक्के पडल्यानंतर करा. मी आधी केलं, ते पुन्हा करावं लागलं.

दुसरी वारस आमची मुलगी सायली. ती बंगळुरूला नोकरी करते. तिची हरकत नसल्याची सही हवी होती. जूननंतर आम्ही दर रविवारी बोलत होतो, जेवलीस का, पगार झाला का, एवढंच. आईच्या वस्तूंचा विषय दोघांनीही काढला नव्हता. सायलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. कतारमध्ये वाढलेल्या बहुतेक मुलांचं असंच आहे. मी तिला चौकीवरचं सगळं सांगितलं.

"सो हर नेम कम्स ऑफ?"

"हो."

"अँड इफ वी डोन्ट?"

"मग गाडी इथे ठेवता येणार नाही. विकावी लागेल."

फोन चालू आहे का ते मी बघितलं.

"देन आय विल साइन," ती म्हणाली. "बट बाबा, यू हॅव टू अ‍ॅक्चुअली गो. नुसती पार्क करून ठेवायची नाही."

शारजाची प्लेट काढून दिली. नवं कार्ड मिळालं, त्याला इथे इस्तिमारा म्हणतात. त्यावर फक्त माझं नाव होतं. खिडकीवरच्या माणसानं पुढचा नंबर पुकारला म्हणून मी बाजूला झालो.

मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा निघालो. तोच सावंत, तोच गुलजमान. चौकीवर अधिकारी दुसरा होता. त्यानं कार्ड बघितलं, झेंडा बघितला आणि म्हणाला, "यल्ला," म्हणजे निघा.

सीलाइनपासून पुढे रस्ता नाही, चाकांच्या खुणा आहेत. पहिली वीस मिनिटं फार वाईट गेली. चढावर गॅस सोडला की क्वाड मागे घसरतो आणि जास्त दिला की टेकडीच्या टोकावरून उडतो. मेधा मला हे शिकवायला बघायची, तेव्हा मी सावलीत बसून कोडी सोडवायचो. दोनदा रुतलो. सावंतनं दोर लावून ओढलं आणि दोन्ही वेळेला फोटो काढले, ऑफिसच्या ग्रुपसाठी. तिसऱ्या चढावर अंदाज आला. वजन पुढे घ्यायचं, नजर टोकावर, आणि मन बदलायचं नाही.

शेवटच्या टप्प्यात सबखाच्या कडेनं आखलेली वाट आहे. सावंतची गाडी जड, तो टेकड्यांवरून वळसा घालून आला. मी कडेच्या वाटेनं एकटा गेलो, तो वरून बघत होता. उजवीकडे मिठाची पांढरी सपाटी, तिच्यावर कोणाच्या तरी मोठ्या गाडीची खोल गेलेली जुनी चाकोरी. मी वाट सोडली नाही.

मग एक टेकडी चढलो आणि खाली पाणी. वाळवंटाच्या आत शिरलेला समुद्र, निळा आणि अगदी उथळ. पलीकडचा किनारा सौदीचा. मला वाटलं होतं की इथे आल्यावर रडू येईल. आलं नाही. इंजिन फार तापलं होतं, ते बंद केलं, क्वाड वाऱ्याच्या बाजूला उभा केला आणि हेल्मेट काढून बसलो. सावंत आला. वहिनींनी दिलेली थालीपीठं आणि लसणीची चटणी खाल्ली. त्यानं विचारलं, मेधावहिनीला हे ठिकाण का बघायचं होतं? मी म्हटलं, मी कधी विचारलं नाही. तो म्हणाला, आता दिसतंय की का ते. दोन तास तिथे होतो. दुपारी वारा वाढायच्या आत निघा, वाळू उडायला लागली की खुणा मिटतात.

घरी आल्यावर त्याच दिवशी क्वाड गोड्या पाण्यानं धुवा, मीठ राहिलं तर नटबोल्ट गंजतात. मी संध्याकाळी धुतला. अंग तीन दिवस दुखत होतं. पुन्हा जाईन का? जाईन. वर्षातून एकदा तरी, थंडीत.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, कामावर गेल्यावर मी आधी एचआरमध्ये गेलो. आमच्याकडे प्रत्येकाच्या फॉर्मवर आपत्कालीन संपर्क लिहिलेला असतो. माझ्या फॉर्मवर मेधाचं नाव आणि मोबाइल होता. नऊ महिने मी प्लांटमध्ये चढत-उतरत होतो, आणि मला काही झालं असतं तर फोन तिलाच गेला असता. मी फॉर्म मागून घेतला आणि तिथे सायलीचं नाव लिहिलं. दुपारी तिला मेसेज करून कळवलं.

थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. "ओके बाबा. माझ्या ऑफिसात अजून आईच आहे. विल चेंज इट टुडे."